एफिससचं गाऱ्हाणं

बाबुराव चपला काढून रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले आणि दीपिका धावत त्यांच्याजवळ आली.

"बाबा, हे देऊळ नाही! एफिससचं नाट्यगृह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं!"

"गाईड काय म्हणालो? संत पॉलाच्या सोबत्यांका लोकांनी हयच धरून आणलेला. म्हणजे जागा जागृत आसा. परक्या मुलखात इलंव, मगे गाऱ्हाणा नको?"

डिलाईल रोडच्या चाळीत बाबुरावांनी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवी स्कूटरसुद्धा हलत नाही. मग तुर्कस्तानाने काय घोडं मारलं होतं?

दीपिकाची काळजी वेगळीच होती. रविवारी प्रभादेवीचं स्थळ तिला बघायला येणार होतं. आणि तिचं मन तर इथेच, पाचव्या पायरीवर बसलं होतं. पुष्कर, मूळचा नागपूरचा, नोकरी मुंबईत. बाबांना जावई मालवणीच हवा, पेडव्यासारखा काटेरी मासासुद्धा सफाईने खाणारा, म्हणून तिने त्याला अनोळखी प्रवासी बनवून याच सहलीत घुसवलं होतं. आधी बाबांना माणूस आवडू दे, मग सांगू, असा बेत. आठ दिवस तो बिचारा बाबांच्या बॅगा उचलत होता. हिचं तोंड काही उघडत नव्हतं, आणि उद्या परतीचं विमान.

"बा देवा म्हाराजा!" बाबुरावांचा आवाज दगडी पायऱ्या चढत पार वर गेला. आजूबाजूच्या कोरियन पर्यटकांनी भराभर मोबाइल काढले. "बायलेक नि चेडवाक घेवन तुझ्या दारात इलंव. काय चुकला-माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

गाऱ्हाण्याला असा होकार द्यायचं काम घरी आईचं; पण ही आई नव्हती. तिच्या तोंडात लिमलेटची गोळी होती. पुष्कर उठून, हात जोडून उभा होता. 'व्हय' बरोबर जागेवर पडलं होतं, शेपूटही हवं तितकंच लांबवलेलं. शिवडीच्या खाडीकाठी बसून दीपिकानेच त्याच्याकडून ते तीन महिने घोटवून घेतलं होतं. भरात येऊन गडी विसरला की आपण अनोळखी आहोत.

बाबुरावांनी डोळे बारीक केले. "नागपूरकर, ह्या तुका कोणी शिकवल्यान?"

पुष्करने दीपिकाकडे पाहिलं. दीपिकाने पायाखालच्या दगडाकडे. आईने गोळी तशीच गिळली.

बाबुराव दोघांकडे बघतच राहिले. पण सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्येच तोडता येत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा हात जोडले.

"आणि ह्या आमच्या नागपूरच्या जावयाक काटे काढून पेडवे खाऊक शिकव रे म्हाराजा!"