बोटांच्या डागांचं पुस्तक

मंगळावरच्या जुन्या वस्तीतून नव्या वस्तीकडे निघालेल्या गाडीत तीनच पुस्तकं मावणार होती. सौरवादळाने यंत्रांची स्मृती पुसली, की तिथे कागदच कामी येणार होता. ऊर्जेचं आणि विज्ञानाचं पुस्तक ठरलं. वैद्यकाचं मात्र आठवा महिना लागलेल्या इरावतीने मळकं, फाटकं उचललं, तसे वस्तीप्रमुख सबनीस वैतागले.

“अहो ताई, ही कोरी करकरीत प्रत सोडून हे लक्तर कशाला?”

“कोरी राहिली म्हणजे कुणाच्या उपयोगी पडली नाही, साहेब. याची बाळंतपणाची पानं बघा, बोटांच्या डागांनी काळवंडलीत.”

“पण तिथे तुम्ही अडलात तर वाचणार कोण? डॉक्टर नाही आपल्याबरोबर.”

“तुम्ही!” इरावतीने हसत पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. “आजपासूनच लागा. दोनच महिने उरलेत.”

सबनीसांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच पहिलं पान उघडलं.