कोंडूच्या पत्राचं उत्तर

अकलोलीच्या जुन्या मित्राचं, कोंडूचं पत्र येऊन तीन वर्षं होत आली, तरी केसरीनाथांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानच होतं. ‘कौसल्येला कॅन्सर निघालाय. तिला सांगावं की नाही? तू सारा जन्म वाचनालयात काढलास, तुला कळेल.’

केसरीनाथांनी चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा फाडलं. आपण कोण सांगणारे? मग कोंडूची बायको, कौसल्या गेली. शेवटपर्यंत तिला सांगितलंच नाही, असं कानावर आलं.

आता तोच प्रश्न त्यांच्या अंजूरच्या घरात येऊन बसला होता.

गेल्या महिन्यात भिवंडीच्या एका दवाखान्यात नवरा-बायकोची दुर्बिणीनं तपासणी झाली. जळजळ केसरीनाथांना होती, पण दवाखान्याला ते फार घाबरत. तीन महिने त्यांनी टाळलं. शेवटी चंद्रा म्हणाली, “मलापन घास अडकल्यासारखं वाटतं. चला, दोघांचं करू.”

रिपोर्ट मुलानं, भूपेशनं आणले. बापाला अंगणात नेऊन तो म्हणाला, “बाबा, तुमची नुसती ॲसिडिटी आहे. पण आईला... अन्ननलिकेचा कॅन्सर. तिच्याजवळ एक अक्षर काढू नका, हबकेल ती. एकवीस तारखेला मुंबईला ॲडमिट व्हायचंय. तुम्ही सोबत राहा. तुमच्याशिवाय ती जायची नाही.”

केसरीनाथांनी मान हलवली. एकवीस तारखेला अजून अकरा दिवस होते.

चंद्रानं भाकरी सोडली. “मला पेजच जाते. तुमीपन तीच खा. दोन-दोन सैपाक कोन करनार?” ते मुकाट्यानं खात. हल्ली त्यांनाही भाकरी नकोशी झाली होती. काळजीनं, दुसरं काय.

पण काहीतरी खटकत होतं. ते आत आले की चंद्रा आणि सून वैशाली बोलायच्या थांबत. दवाखान्याचा फोन आला की वैशाली तो घेऊन अंगणात जाई. फाईल कपाटात, चंद्राच्या साड्यांच्या खाली. सांगितलं त्याहून दुखणं मोठं असणार. नाहीतर चंद्राला सगळं कळलं असणार.

सोमवारी दुपारी ते मागच्या पडवीत गेले, तर चंद्रा पाटावर बसून तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील खात होती. चांगले मोठे घास घेत.

“गिळतंय तुला?”

ती दचकली. “आज जरा बरं हाय.”

“कांदापण?”

“तुमी वाचनालयातलं साहेब ना? पुस्तकं मोजा. माजं घास कशाला मोजता?”

ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यानं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना कोन गावात साखरपुड्याला गेल्या. केसरीनाथांनी कपाट उघडलं. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. फाईल त्यांनी उभ्या-उभ्या वाचली. मग बसून पुन्हा वाचली. मग साड्यांची घडी न मोडता होती तशी ठेवून दिली.

संध्याकाळी चंद्रानं पेजेची वाटी पुढे केली. त्यांनी ती निपटून खाल्ली.

“आज काय बोलत न्हाय तुमी?” तिनं विचारलं. “मुंबईला मला टाकून पलून यायचा इचार हाय काय?”

“न्हाय गं. शेवटपर्यंत तुझ्यासोबतच.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि घाईनं भांडी उचलून मोरीकडे गेली.

सकाळी ते टपाल कचेरीत गेले. आंतर्देशीय पत्र घेतलं आणि तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. या वेळी फाडलं नाही. डिंक लावला, पत्ता दोनदा तपासला आणि पत्र पेटीत टाकलं.

‘प्रिय कोंडू, उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. कौसल्यावहिनींना सांगितलं नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना ठाऊक असणार, आणि तुझ्यासाठी त्या काही ठाऊक नसल्यासारख्या राहिल्या असणार. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमची चंद्रा ठणठणीत आहे. कॅन्सर मला आहे. मला ते कळलंय, एवढं मात्र तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस.’