लाल फडके
मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, रुग्णालयाच्या तळमजल्यावर, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशींनी लिफ्टमध्ये शिरलेल्या अधीक्षकांनाच हटकले. स्ट्रेचरवरचा सुतार आतड्याला पीळ पडल्याने तळमळत होता. उशाशी लाल फडके बांधलेले होते. ते दिसताच सर्वांनी वाट द्यावी, हा नियम अधीक्षकांनीच वर्षभर भांडून लागू केला होता. "साहेब, उतरा." "अहो मावशी, वर तपासणी समिती खोळंबलीय!" "समितीच्या आतड्याला पीळ पडलाय का?" अधीक्षक लिफ्टमधून उतरले आणि जिन्याकडे वळले. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांची छाती फुलली होती. धापेने की अभिमानाने, हे त्यांचे त्यांनाच उमगेना. समितीने उशिराचे कारण विचारले, तेव्हा ते ताठ मानेने म्हणाले, "आमच्या मावशींनी मला लिफ्टमधून उतरवलं." शस्त्रक्रिया आटोपल्यावर सर्जनबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत, मावशी. आतडं कापावं लागलं नाही. अख्खं वाचलं."