अर्थिंगचा खड्डा

आमच्या हुडको वसाहतीतल्या डेटा सेंटरच्या छतावर वीज पडली, तर ती तांब्याच्या पट्टीतून खाली येऊन अर्थिंगच्या खड्ड्यात उतरते. खड्डा कोरडा असला, तर ती मशिनींत घुसते. म्हणून उन्हाळाभर गार्ड हिरालालकाका खड्ड्यातल्या पाइपात रोज बादलीभर पाणी ओततात. पाणी घुटघुट आवाज करत जातं. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या दुपारी जामुल गावाच्या बाजूनं आभाळ काळं झालं. मोबाइलवर विजेचा इशारा आला, म्हणून ओल तपासायला मी स्वतः खड्ड्याचं झाकण काढून पाइपात हात घातला. बोटांना सिमेंट लागलं. जुनं, दगडासारखं. पाइप गळ्यापर्यंत बुजवलेला होता.

"काका, हा तर बंद आहे. रोजचं पाणी जातं कुठे?"

"मले का माहीत, मॅडम? पिऊन राहिला ना तो."

त्यांनी बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं आणि घुटघुट करत गेलं. मी पुन्हा हात घातला. सिमेंट कोरडं होतं.

तेवढ्यात छतावर वीज कोसळली. मी आत धावले. सगळ्या मशिनी चालू होत्या. एक दिवासुद्धा लुकलुकला नव्हता.

बाहेर आले, तर काका भिंतीला टेकून उभे होते. बादली आडवी पडली होती. पाइपातून घुटघुट आवाज येतच होता.

"मॅडम, मी काहीच नाही टाकलं."

मग आवाज थांबला. पोटभर पाणी पिऊन माणूस सोडतो, तसा एक लांब, गरम श्वास माझ्या पायांवर आला.