गरगरीत पोटाचं जहाज

जहाज पुन्हा आडवं झालं.

कपड्यांच्या टबात ते कुशीवर पडलं आणि तिन्ही डोलकाठ्या पाण्यात! संजनानं झडप घालून ते उचललं. उद्या सकाळी शाळेच्या प्रदर्शनात हे जहाज हौदात सोडायचं होतं. सगळ्यांसमोर.

"काठ्यांची उंची जास्त झालीय," पप्पा म्हणाले. सातपूरच्या कंपनीत फिटर असल्यानं त्यांचा हात आधी हत्याराकडेच जायचा. आताही करवत हातात होती. "निम्म्या करू. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना!"

कळणारच. चारशे वर्षांपूर्वीचं डच मालवाहू जहाज होतं ते, फ्लाउट जातीचं. त्यासाठी संजनानं हॉलंडच्या म्युझियमच्या वेबसाइटवरची जुनी चित्रं मोठी करकरून पाहिली होती. डच मजकूर फोनवर मराठीत करून वाचला होता. वर चिंचोळा डेक, खाली गरगरीत पोट, उंच काठ्या. सगळं अगदी मापात, आइस्क्रीमच्या काड्यांतून. "थर्माकोलची होडी कर, सोपी पडेल," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा, एरवी बाकावर मान खाली घालून बसणारी संजना चक्क उभी राहिली होती. "नाही मॅडम, मी खरं जहाज करणार. मापात."

आणि आता जहाज बुडतंय हे कळल्यावर वर्गाच्या ग्रुपवर मयूर विचारत होता, "काय गं, पाणबुडी बनवतेयस का?"

टबाकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले. चित्रंच चुकीची असतील. नाहीतर तीच चुकली असेल.

"कापा," ती हळूच म्हणाली.

पप्पांनी मधल्या काठीवर करवत टेकवली. आई दारातच सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"पण काय गं, एवढं पोट कशाला दिलंय त्याला? नववा महिना लागल्यासारखं!"

रडू आलं तरी जहाजाबद्दल विचारलं की संजनाला गप्प राहवत नसे. "अगं, त्यात धान्य भरायचे. पोतीच्या पोती! ठासून भरल्याशिवाय ते बंदरातून हलायचंच ना..."

ती थांबली. करवतीचे दात लाकडाला लागले होते.

"पप्पा! हात काढा! काढा हात!"

तिनं सुपातले तांदूळ ओंजळीनं उचलले.

"अगं ए! कालच आणलाय घोटीहून!" आई ओरडली.

संजना ऐकतेय कुठं! जुन्या रुमालाच्या चिंध्या, त्यात तांदूळ, वर दोरा. डेक अजून चिकटवलेला नव्हता. पुरचुंड्या एकेक करून तळाशी बसल्या आणि जहाज पाण्यात गेलं. ते खाली गेलं, आणखी खाली गेलं. तिघंही टबावर वाकली. मग ते थांबलं.

सरळ. तिन्ही काठ्या छताकडे!

पप्पांनी जोरात फुंकर मारली. जहाज डोललं आणि ऐटीत परत उभं राहिलं. संजना एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या भागीबाई खिडकीत आल्या.

"आणि उद्या भाताचं काय?" आईनं विचारलं.

"जहाज परत आलं की!"

पप्पांनी करवत हळूच पाठीमागे लपवली. "मग चुकलं कुठं होतं गं?"

"जहाजाचं कुठंच नाही, पप्पा. आपणच त्याला रिकाम्या पोटी पाठवत होतो."