बहुतेक

जेवणाचं टेबल खिडकीपासून बरंच मागे ओढून निशाणेबाज त्यावर पालथा पडला होता. रायफलीखाली त्याच घरातली उशी होती. पडदा बोटभर सरकवलेला. त्या फटीतून रस्त्यापलीकडच्या इमारतीतली एकच खिडकी दिसत होती.

"उशी मऊ पडत असेल तर दुसरी देते," मागून म्हातारी म्हणाली.

"चालेल हीच, मावशी. तुम्ही फक्त खिडकीसमोर येऊ नका."

सगळी इमारत सकाळीच रिकामी केली होती. ही तेवढी राहिली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. "ह्यांना न्यायचं तर चौघं लागतील," ती दारात आलेल्या जवानांना म्हणाली होती, "आणि चौघांनी उचलायची वेळ अजून आलेली नाही." जवानांना हसू आवरेना. त्यांनी म्हाताऱ्याची कॉट भिंतीच्या आडोशाला सरकवली आणि तिला तिथेच बसवलं.

पलीकडच्या घरात एक बाप आपल्या लहानग्या मुलीला घेऊन दार लावून बसला होता. मुलीला आईच्या ताब्यात द्यायचं, असा कोर्टाचा हुकूम झाला होता. सकाळी पोलीस तिला न्यायला गेले, तर त्याने बंद दारातून गोळी झाडली. एक हवालदार दवाखान्यात होता. दुपारी बापाने फोनही बंद करून टाकला. आता विशेष पथकाचे जवान त्याच्या दाराबाहेर भिंतीला चिकटून उभे होते, आणि साहेबांनी निशाणेबाजाच्या कानातल्या वायरलेसवर सांगून ठेवलं होतं, "पोरगी बाजूला असली आणि तो स्वच्छ दिसला, की मला विचारत बसू नकोस."

"शाळेत सोडायला तोच जातो तिला," म्हातारी हळूच म्हणाली. "दप्तर त्याच्याच खांद्यावर असतं."

"मावशी, बोलू नका आता."

पोरगी आतल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती. बाप खोलीत येरझाऱ्या घालत होता, मध्येच दिसेनासा होत होता. मग तो खिडकीत आला. एकटाच. पोरगी चांगली लांब होती. निशाणेबाजाने श्वास अर्धा सोडला आणि बोट चापावर आणलं.

"बूट," तो पुटपुटला.

"काय?" म्हातारीने विचारलं.

"त्याच्या हातात बूट आहे. पोरीचा."

"आणि दुसऱ्या हातात?"

"पिस्तूल."

म्हातारी म्हणाली, "लेकराला घरातच ठेवायचं असलं, तर बूट कशाला घालेल कुणी?"

निशाणेबाजाचं बोट चापावरच होतं. नजर न हलवता तो गळ्याजवळच्या माइकमध्ये बोलला, "साहेब, दिसतोय. पण थांबतोय. पोरीला बाहेर पाठवतोय तो. बहुतेक."

"बहुतेक?" साहेबांचा आवाज कोरडा होता. "माझी पोरं त्याच्या दाराशी उभी आहेत. बहुतेकवर ठेवू त्यांना?"

"नजर हटवलेली नाही साहेब. पिस्तूल उचललं तर मी आहे."

कानात नुसती खरखर. मग, "ठीक. तुझ्यावर."

बापाने पिस्तूल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पोरीसमोर गुडघे टेकले. बूट चढला, पण नाडी काही केल्या बांधली जाईना. गाठ सुटायची, तो पुन्हा सुरुवात करायचा. पोरीने दुसरा पाय पुढे केला, आणि तोल जाऊ नये म्हणून बापाच्या डोक्यावर हात ठेवला. दुर्बिणीतल्या फुलीवर आता ते डोकं होतं, आणि डोक्यावर तो एवढासा हात.

निशाणेबाजाने बोट चापावरून काढलं.

बापाने तिचा फ्रॉक खाली ओढून नीट केला. काहीतरी सांगितलं. ती मान हलवत राहिली. मग तो तिला घेऊन दाराकडे गेला आणि दोघंही दिसेनासे झाले. ही वेळ सगळ्यात वाईट. खोलीत म्हाताऱ्याच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"पोरगी बाहेर," कानात आवाज आला. "पोरगी आपल्याकडे आहे."

बाप एकटाच परत आला. कट्ट्यावरच्या पिस्तुलाकडे त्याने पाहिलं. निशाणेबाजाचं बोट पुन्हा चापावर गेलं. पण बापाने हात पुढे केला नाही. भिंतीला टेकून तो खाली बसला आणि तोंड झाकून घेतलं. जवान आत शिरले तेव्हाही तो तसाच होता.

"खाली ये," साहेब म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "आणि तुझ्या त्या बहुतेकचं आपण नंतर बघू." पण आवाजातला कोरडेपणा गेला होता.

निशाणेबाजाने रायफल रिकामी केली. टेबलावरून उतरायला गेला, तर पायांना मुंग्या आल्या होत्या. तो तिथेच कडेला बसून राहिला. म्हातारीने तांब्याभर पाणी आणलं. प्यायला त्याने तोंडावरचा काळा बुरखा वर केला, तेव्हा तिला पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला.

"मारणार होतास त्याला?"

"हो."

ती त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहिली.

"घरी कोण असतं?"

"आई."

"तिला ठाऊक आहे हे असलं काम?"

"पोलिसात आहे, एवढंच ठाऊक आहे. घरी गेलो की विचारते, आज काय केलंस म्हणून."

"मग काय सांगतोस?"

"काही नाही केलं, म्हणतो."

म्हातारीने त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या हाताने पुसला.

"आज खरं सांगशील," ती म्हणाली.