कमाल चार मजले

आसाराम तात्यांनी नृसिंह सरांची कॉलर धरली, आणि सत्तरीतल्या त्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तात्यांच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की मांडवातली चाळीस माणसं उभीच राहिली. मग काय विचारता! खुर्च्या उडाल्या. बिल्डरच्या माणसाने अंथरलेल्या नकाशांवर लोक चपलांसकट नाचले. सरांचा ओठ फुटला, तात्यांच्या सदऱ्याची दोन बटणं गेली. पाइपलाइन रोडच्या मागची शिकलीसवरलेली कॉलनी, रविवारचे सकाळचे अकरा, आणि भांडण कशावरून? तर तात्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत अकरा मजली बांधायची की चार.

"प्लॉट माझ्या बापाचा हाय! आभाळाला टेकवीन, तुमी कोन इचारनार?" तात्या ओरडले.

"आणि आमचं ऊन? आमचा वारा?" सरांनी रुमालाने ओठ दाबला. "चारच्या वर एक वीट चढू देणार नाही. आधी मला आडवा करा."

"करतो की!"

दोघे पुन्हा भिडणार, एवढ्यात मागून छबूबाई म्हणाली, "बांदू द्या की अकरा. लई उंच बांदा."

सगळे वळून बघायला लागले. छबूबाई कॉलनीत धुणीभांडी करायची. तात्यांच्या घरीही करायची, पण दिवाळीनंतर त्यांनी तिला काढून टाकलं आणि मागच्या अंगणाभोवती दहा फुटी पत्रे ठोकले. तेव्हापासून तात्यांची सून आरती फाटकाबाहेर कोणाला दिसली नव्हती. हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. विचारलं मात्र कोणी नाही.

"तुला काय गं? तू घेणार आहेस का फ्लॅट?" कोणीतरी हसून विचारलं.

छबूबाईला हसू आलं नाही. "उंच आसलं म्हंजी कुनाला तरी आरतीबाई दिसंल," ती म्हणाली. तात्यांनी तिच्याकडे असं बघितलं की हसणारा गप्प बसला.

बिल्डरच्या माणसाला सभा उरकायची होती. त्याने लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कानिफनाथला ड्रोनसकट बोलावलं होतं. "अकरा मजले म्हणजे नेमके किती ते आधी डोळ्यांनी बघा, मग खुशाल भांडा," तो म्हणाला. ड्रोन घरघरत वर गेला. एकशे दहा फूट. मांडवातल्या मोठ्या टीव्हीवर कॉलनी उघडली: गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या गोधड्या, लांब डोंगरावर चांदबीबीचा महाल. लोक भांडण विसरून आपापली घरं शोधायला लागले. मग कानिफनाथने कॅमेरा खाली वळवला आणि तात्यांच्या घरामागचं अंगण समोर आलं.

अंगणात तात्यांचा मुलगा अंगद पाण्याची नळी दुहेरी करून उभा होता. धुण्याच्या दगडाशी आरती. नळी वर जात होती, खाली येत होती. टीव्हीला आवाज नव्हता, तरी प्रत्येक फटक्याला पुढच्या रांगेतल्या बायका दचकत होत्या. आरतीला घरघर ऐकू गेली असावी. तिने मान वर केली, नीट कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात उंच करून हलवला. बोलवत होती ती. मांडवातल्या एकेकाला बोलवत होती.

"खाली घे! ए फोटोवाल्या, खाली घे ते!" तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कानिफनाथने घाबरून ड्रोन उतरवायला घेतला. नवव्या मजल्याच्या उंचीवरून ती दिसत होती. सातव्यावरूनही दिसत होती, हात तसाच वर. "आजून खाली," तात्या म्हणाले. पाचव्यावरून तात्यांच्या गच्चीच्या कठड्यापलीकडे नुसती बोटं. चौथ्यावर आल्यावर पाण्याची टाकी आडवी आली.

"बास. हितंच ऱ्हाऊ दे." तात्यांनी घाम पुसला. "चारच बांदू. सर म्हनत्यात ते बराबर हाय."

छबूबाईने सरांपुढे हात जोडले. "सर, तुमच्या सैपाकघराची भित तिच्या अंगनाला लागून हाय. तुमाला रोजचंच ऐकू येतंय. आता तर डोळ्यांनी बघितलं की वो! पोलिसाला फोन लावा."

चाळीस खिशांत चाळीस मोबाईल होते. एकही बाहेर निघाला नाही, मेला.

सर टीव्हीवरच्या टाकीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला. "तो त्यांच्या घरचा मामला आहे, छबूबाई. आजचा विषय इमारतीचा आहे." आणि बिल्डरच्या माणसाकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या. रहिवाशांच्या खासगी आयुष्याचा विचार करता, कमाल चार मजले. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले. तात्यांचा सगळ्यात आधी.

छबूबाईने प्लॉटमधली अर्धी वीट उचलली, पळत जाऊन तात्यांच्या लोखंडी फाटकावर हाणली. एकदा, दोनदा, मग मोजदाद राहिली नाही. "उघड रे मुडद्या! आरतीबाई, आले गं मी! समद्यांनी बघितलंय तुला, समद्यांनी!" फाटकाचा पत्रा चेपला, तिची बोटं सोलवटली, विटेचा चुरा तिच्या पदरावर पडत राहिला. आतली कडी काही निघेना.

मांडवातून नृसिंह सर कपाळाला आठ्या घालत उठले.

"अहो छबूबाई, हळू! केवढा आवाज तो! इथं माणसं राहतात."